अँटिबायोटिकशिवाय ब्रॉयलर वाढवताना: हळद, लसूण, ओवा खाद्यात आणण्याआधी आणि आणल्यावर

सव्विसावा दिवस होता. सकाळी पडदे वर करायला शेडमध्ये गेलो तर तुसावर जागोजागी रक्ताळलेली विष्ठा. पक्षी पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा झालेले. पुढच्या आठवडाभरात १,५०० पैकी १४० पक्षी गेले. त्या बॅचला मी खाद्यातली सगळी औषधं एकदम बंद केली होती आणि त्यांच्या जागी हळद आणि लसूण घातला होता. हेतू चांगला होता, क्रम चुकला होता.

हे का सुरू केलं ते सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी आईला लघवीचा संसर्ग झाला. तपासणीच्या अहवालात औषधांची लांबलचक यादी होती आणि त्यातल्या बहुतेक नावांपुढे ‘लागू नाही’ अशा अर्थाची खूण होती. त्या यादीतली चार-पाच नावं मी ओळखत होतो, कारण त्याच औषधांची पाकिटं माझ्या शेडच्या फळीवर पडलेली होती. आईच्या आजाराला माझ्या कोंबड्या कारणीभूत होत्या असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसानंतर कारण नसताना रोज खाद्यातून अँटिबायोटिक द्यायला माझा हात धजावला नाही.

सिन्नर तालुक्यात माझं ३,००० पक्ष्यांचं शेड आहे. आजही ते चालू आहे आणि खाद्यात रोजचं अँटिबायोटिक नाही. त्या १४० पक्ष्यांनी जे शिकवलं ते तुम्हाला फुकटात मिळावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. यात सर्वात महत्त्वाचा क्रमच आहे. हळद-लसूण पाचव्या पायरीला येतात, त्याआधी नाही.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

अँटिबायोटिक दोन कारणांनी दिलं जातं. एक, पक्षी आजारी पडला म्हणून पूर्ण मात्रेत, ठरावीक दिवस. दुसरं, पक्षी ठणठणीत असताना वाढ चांगली व्हावी म्हणून अगदी थोड्या मात्रेत, रोज, खाद्यातून. या दुसऱ्या प्रकाराला आपण ‘ग्रोथ प्रमोटर’ म्हणतो. बीएमडी, सीटीसी, टायलोसिन, एन्रामायसिन ही त्यातली ओळखीची नावं. थोड्या मात्रेने आतड्यातले जिवाणू कमी होतात, आतड्याचं अस्तर पातळ राहतं, खाल्लेलं खाद्य अंगी जास्त लागतं. पण थोड्या मात्रेत सगळे जिवाणू मरत नाहीत. जे तगतात ते औषधाला सरावलेले असतात आणि त्यांचीच पैदास वाढते. ते खतातून शेतात जातात, पाण्यात जातात, मांस कापणाऱ्याच्या हातावर जातात.

म्हणूनच युरोपीय संघाने वाढीसाठीची अँटिबायोटिक १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केली. स्वीडनने तर १९८६ मध्येच केली होती. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांमध्ये वापरायला बंदी घातली. माणसाला दुसरं काहीच लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर ज्या औषधाकडे वळतात त्यातलं ते एक आहे, आणि आपण ते पिल्लांच्या पाण्यात टाकत होतो. कोणाकडे जुना डबा उरला असेल तर तो वापरू नका.

या पायऱ्या पहिल्या प्रकारासाठी नाहीत. आजारी पक्ष्याला हळद घालून बरं करता येत नाही. वनस्पतींनी जागा घ्यायची ती फक्त रोजच्या ग्रोथ प्रमोटरची.

पायरी १: खाद्य कोणाचं आहे ते बघा

तुम्ही कंपनीसोबत करार पद्धतीने पक्षी वाढवत असाल तर पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं असतं. त्यात तुम्ही स्वतःहून काही मिसळलं तर करार मोडतो आणि एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा) बिघडला की वाढणावळीतून कपात होते. आधी सुपरवायझरशी बोला, परवानगी लेखी घ्या. परवानगी मिळाली नाही तरी तिसरी पायरी तुमच्या हातात आहेच आणि निम्मा फायदा तिच्यातच आहे.

स्वतःचं खाद्य बनवणाऱ्यांना किंवा बाजारातून पोती आणणाऱ्यांना पुढचं सगळं लागू आहे.

पायरी २: सध्या नेमकं काय जातंय ते लिहून काढा

माझी चूक इथे झाली. मी ज्याला ‘औषधं’ म्हणून सरसकट बंद केलं त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक होतं ग्रोथ प्रमोटर. दुसरं होतं सॅलिनोमायसिन, म्हणजे कॉक्सीला, रक्ती हगवणीला, आवर घालणारं औषध. रक्ती हगवण करणारा आयमेरिया हा जिवाणू नाही, तो एकपेशीय परजीवी आहे. जिथे तूस आहे तिथे तो असतोच. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात त्याला फावतं. हळदीने तो थोडा दबतो, पण सॅलिनोमायसिन काढून नुसत्या हळदीवर उघड्या शेडमधली पहिली बॅच पार पडेल अशी आशा धरू नका.

तेव्हा एक कागद घ्या आणि लिहा:

– खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलवर कोणती औषधं छापली आहेत. तयार खाद्यात ग्रोथ प्रमोटर आधीच असेल तर वरून वनस्पती घालून काही साधत नाही. औषधविरहित खाद्य मिळेल का ते विक्रेत्याला विचारा.
– प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण), लिव्हर टॉनिक, टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारी पावडर) यांच्या पाकिटावरचे घटक. बारीक अक्षरंसुद्धा.
– पाण्यातून काय काय जातं, कोणत्या दिवशी, कोणाच्या सांगण्यावरून.
– प्रत्येकापुढे एक खूण: वाढीसाठी, कॉक्सीसाठी, की उपचारासाठी.

पहिल्या टप्प्यात फक्त ‘वाढीसाठी’ अशी खूण असलेलं काढायचं. कॉक्सीचं औषध राहू द्या. पुढे चार-पाच बॅच नीट गेल्यावर, कॉक्सीची लस वगैरे पर्यायांवर पशुवैद्यकांशी बोलून त्याचा विचार करा.

अजून एक इशारा इथेच देतो, कारण यात पक्षी झटपट पाय टाकतात. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असताना पाण्यातून टायमुलिन हे अँटिबायोटिक कधीही देऊ नका. दोन्ही मिळून विषबाधा होते. सीआरडी (श्वसनाचा चिवट आजार) आली म्हणून दुकानातून औषध आणताना दुकानदाराला खाद्यात काय आहे ते सांगा.

पायरी ३: अँटिबायोटिक जे झाकत होतं ते उघडं करा

रोजचं अँटिबायोटिक आपल्या व्यवस्थापनातल्या चुका झाकत असतं. घाणेरडं पाणी, ओला तूस, थंडीत गारठलेली पिल्लं, हे सगळं असूनही बॅच निघते. औषध काढलं की प्रत्येक चूक मरतुकीच्या आकड्यात दिसते. म्हणून औषध काढण्याआधी एक पूर्ण बॅच फक्त या गोष्टींवर घालवा. घाई वाटेल, पण घालवाच.

पाणी. पक्षी जितकं खातो त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. माझ्या विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं होतं. तपासलं तर त्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, निघाला. पाण्याचा नमुना जवळच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, पावसाळ्याआधी आणि नंतर. क्लोरीनचं प्रमाण टाकीत मोजू नका, पाइपच्या शेवटच्या निपलवर (पक्षी चोच लावून पाणी पितात ती तोटी) मोजा. तिथे ३ ते ५ पीपीएम (दहा लाख भागांत ३ ते ५ भाग) मिळायला हवं. पाइपच्या आत जो बुळबुळीत थर धरतो तो दोन बॅचच्या मधल्या काळात हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण भरून, मुरू देऊन, मग जोरात पाणी सोडून काढायचा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा पाइपातून तपकिरी लोळ बाहेर पडले. तेच पाणी मी पिल्लांना पाजत होतो.

तूस. दोन-तीन इंचांचा कोरडा थर. मूठभर तूस दाबून मूठ उघडा: गोळा तसाच राहिला तर ओला आहे, लगेच सुटून पडला तर ठीक. निपलखालचा आणि ड्रिंकरभोवतीचा तूस रोज बघा, ओला असेल तो काढून टाका, बाकीचा दाताळ्याने खालीवर करा. शेडमध्ये गुडघ्यावर बसून पक्ष्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त आहे. थंडीत पडदे गच्च बंद ठेवल्याने हेच होतं. अमोनियाने श्वासनलिका सोलवटते आणि मग ई-कोलाय आत शिरतो. ओवा घालून हे थांबत नाही, पडदा वरून एक हात उघडा ठेवल्याने थांबतं.

ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब देणं. पिल्लं उतरवण्याआधी ब्रूडर चोवीस तास चालू हवा, म्हणजे तूससुद्धा तापतो. पहिल्या दिवशी पिल्लाच्या पातळीवर ३२ ते ३४ अंश सेल्सिअस. पिल्लाचे पाय गालाला लावून बघा, गार लागले तर काम बाकी आहे. उतरवल्यावर चोवीस तासांनी शंभर पिल्लांची गळ्याजवळची खाद्याची पिशवी चाचपा. पंचाण्णवांची तरी भरलेली, मऊ लागली पाहिजे. पहिल्या आठवड्यात आतडं जसं घडतं तसंच ते शेवटपर्यंत चालतं.

दोन बॅचमध्ये किमान चौदा दिवसांची मोकळीक. शेड रिकामं, धुतलेलं, चुना मारलेलं, वाळलेलं. भाव चढा असला की आठ दिवसांत पुन्हा पिल्लं टाकायचा मोह होतो. मी एकदा केलं आणि त्या बॅचला औषधावर जेवढा खर्च झाला तेवढा आधीच्या तीन बॅचला मिळून झाला नव्हता.

लसीकरण वेळेवर: मानमोडीसाठी लासोटा किंवा एफ-१ लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो या विषाणूच्या आजाराची लस दुसऱ्या आठवड्यात, लासोटाचा बूस्टर चौथ्या आठवड्याच्या सुमारास. तुमच्या भागात कोणते आजार आहेत त्याप्रमाणे पशुवैद्यक यात बदल सांगतील.

पायरी ४: मका आणि मासळी

थोडक्यात सांगतो. पावसाळ्यातला ओला मका हा वनस्पतीजन्य पूरकांचा सर्वात मोठा शत्रू आहे. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करतं आणि प्रतिकारशक्ती पाडतं, मग लससुद्धा नीट लागत नाही. खाद्यातली मर्यादा २० पीपीबी (शंभर कोटी भागांत २० भाग) आहे. मका घेताना ओलावा मोजून घ्या, १२-१३ टक्क्यांवरचा असेल तर साठवू नका. स्वस्तात मिळणारी जुनाट सुकी मासळी टाळा: न पचलेली प्रथिनं आतड्यात पुढे सरकली की तिथे क्लोस्ट्रिडियम हा जिवाणू माजतो आणि आतडं सडवणारा आजार होतो. ग्रोथ प्रमोटर प्रामुख्याने याच जिवाणूला दाबून ठेवत असतं, तेव्हा ते काढल्यावर सर्वात आधी हाच डोकं वर काढतो.

पायरी ५: कोणती वनस्पती, किती आणि कोणत्या रूपात

दहा-बारा वनस्पतींची चूर्णं एकत्र करून घालू नका. नंतर कशाने काय झालं ते कळणार नाही. एका बॅचला एक, फार तर दोन.

हळद. मी इथून सुरुवात करायला सांगतो. तिच्यातलं कुरकुमिन दाह कमी करतं, यकृताला आधार देतं. मात्रा अर्धा टक्का, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५० ग्रॅम. कुरकुमिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही, आणि आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. म्हणून पाण्यात हळद कालवून देण्यात अर्थ नाही. खाद्यात घातलेल्या सोया तेलासोबत द्या. सोबत चिमूटभर मिरपूड, १०० किलोला २५ ग्रॅम, घातली तर शोषण वाढतं. आपल्याकडे दुधात हळद घालताना मिरं टाकतात त्यामागे हेच आहे.

हळद घेताना जपून. पिवळीधमक, चमकदार हळकुंडं दिसली की हात थांबवा. रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार चालतो, आणि शिसं पक्ष्याच्या अंगात साठतं. सांगली, हिंगोली, नांदेड पट्ट्यातल्या एखाद्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची हळकुंडं घ्या आणि जवळच्या डंकावर दळून आणा. मातकट रंगाची असतात, चालतील. दुकानातली सुटी हळद पावडर पक्ष्यांना घालू नका.

लसूण. यात ताकद येते ती ॲलिसिनमुळे, आणि अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतं. पाकळी ठेचली की आतले दोन घटक एकत्र येऊन ते तयार होतं. उकळला, भाजला की जवळजवळ संपतं. त्यामुळे लसणाचा काढा करून पाण्यात देणाऱ्यांची मेहनत वाया जाते, वर चोथ्याने निपल तुंबतात ते वेगळं. कमी उष्णतेवर वाळवलेली पावडर अर्धा टक्का. ताजा लसूण वापरायचा तर त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, म्हणून वजनाने तिप्पट घ्या, ठेचून पंधरा मिनिटं ठेवा आणि मिसळलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. विक्रीच्या आधी पाच दिवस मी लसूण बंद करतो, मांसाला वास राहू नये म्हणून. अंड्यांवरच्या कोंबड्यांना जास्त लसूण घातला तर अंड्याला वास येतो.

ओवा. यातलं थायमॉल जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणालाच भोक पाडतं. युरोपात जो ओरेगॅनो वापरतात त्यात थायमॉल आणि त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल असतं, त्यामुळे परदेशी ओरेगॅनो तेल महाग मिळतं म्हणून हळहळू नका, ओवा आपल्या घरात आहे. मी पाव टक्का घालतो, १०० किलोला २५० ग्रॅम. अख्खा विकत घ्या, हव्या तेवढाच दळा. थायमॉल उडून जाणारं आहे, दळून महिनाभर पोत्यात ठेवलेल्या ओव्याला नुसता रंग उरतो. गरम वाफेवर गोळी खाद्य बनवून घेत असाल तर ओवा, दालचिनी, लवंग यांचं तेल तिथे बरंच उडतं. गोळी झाल्यावर वरून लावा.

शेवग्याचा पाला. हा औषधापेक्षा पोषण म्हणून. सावलीत वाळवलेल्या पाल्यात साधारण पाव भाग प्रथिनं असतात. दोन-तीन टक्क्यांच्या पुढे गेलो तर तंतूंमुळे वाढ मंदावते असा माझा अनुभव आहे. उन्हात वाळवलेला, पिवळा पडलेला पाला घालू नका.

कडुनिंब. बांधावर फुकट आहे म्हणून सगळ्यांना आधी हाच आठवतो. कडू आहे, जास्त झाला की पक्षी खाद्य कमी खातात, आणि ब्रॉयलरमध्ये खाद्य कमी खाल्लं की सगळं गणित गेलं. मी तो शेडच्या बाहेर ठेवला आहे.

काळमेघ आणि भुईआवळा यकृतासाठी चांगले, बाजारातल्या बहुतेक हर्बल लिव्हर टॉनिकमध्ये तेच असतात. पण स्वतः गोळा करताना वनस्पती ओळखण्यात चूक होऊ शकते. खात्री नसेल तर नको.

खर्चाचा अंदाज असा काढा. एक पक्षी विक्रीपर्यंत साधारण ३.५ किलो खाद्य खातो. अर्ध्या टक्क्याने हळद १७.५ ग्रॅम. १,००० पक्ष्यांना १७.५ किलो. समजा हळद १५० रुपये किलोने पडली, तर पक्ष्यामागे दोन रुपये साठ पैशांच्या आसपास. हा आकडा तुमच्या स्थानिक भावाने मांडा आणि तेवढी रक्कम एफसीआरमधून किंवा मरतुकीतून परत येते का ते सातव्या पायरीत बघा.

तयार बाटल्या आणि पाकिटांबद्दल

चांगली उत्पादनं आहेत. तेलं आवरणात बंद करून आतड्यात सुटतील अशी बनवलेली असतात, ती घरच्या चूर्णापेक्षा जास्त भरवशाची. पण एक सांगतो. माझ्या ओळखीच्या एकाने ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून आणलेल्या पाण्यातल्या औषधाने एका रात्रीत खोकला थांबला. वनस्पती असं काम करत नाही. नमुना तपासल्यावर त्यात अँटिबायोटिक निघालं. विक्रेत्याकडून बॅचनिहाय तपासणी अहवाल मागा, त्यात मुख्य घटकाचं प्रमाण लिहिलेलं हवं. ‘गुप्त फॉर्म्युला’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पक्कं बिल घ्या.

पायरी ६: मिसळणं

२५० ग्रॅम पावडर १०० किलो खाद्यात थेट ओतून फावड्याने हलवली तर काही पक्ष्यांना भरपूर मिळते, काहींना शून्य. टप्प्याने मिसळा: पावडर आधी २ किलो भरड्यात, ते मिश्रण १० किलोत, मग ५० किलोत, मग सगळ्यात. प्रत्येक टप्प्यावर रंग एकसारखा दिसेपर्यंत. हळद इथे उपयोगी पडते, रंगावरून मिसळण कळतं.

तयार क्रम्बल (गोळीचा चुरा) किंवा गोळी खाद्यात पावडर तळाला बसते आणि फीडरमध्ये वाया जाते. १०० किलोला २०० ते ३०० मिली सोया तेल आधी चोळा, मग पावडर भुरभुरा. एका आठवड्यात संपेल एवढंच तयार करा.

पहिल्या आठवड्यात निम्मी मात्रा. उग्र वासाने लहान पिल्लं खाद्यापासून दूर राहतात. आठव्या दिवसापासून पूर्ण.

पाण्यातून लस देण्याच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात क्लोरीन नको आणि ओवा-दालचिनीच्या तेलाची उत्पादनंही नकोत. लसीतला विषाणू जिवंत असतो. क्लोरीन त्याला मारतं, तेलांच्या बाबतीत मी धोका पत्करत नाही.

लागणारं साहित्य फार नाही: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पक्षी मोजायला टांगता काटा, क्लोरीनच्या पट्ट्या, ओलावा मापक (स्वतःचा नसेल तर आडत्याकडे असतो), दोन थर्मामीटर, बंद झाकणाचे डबे आणि जाड पुठ्ठ्याची वही.

पायरी ७: अर्ध्या शेडवर करून बघा

सगळ्या शेडवर एकदम करू नका. मधोमध जाळी लावा. एकाच हॅचरीची, एकाच गाडीतून आलेली पिल्लं दोन्ही बाजूंना समान. एका बाजूला तुमचं नेहमीचं खाद्य, दुसऱ्या बाजूला ग्रोथ प्रमोटर काढून वनस्पती घातलेलं. मनुष्य, पाणी, लस, तूस सगळं तेच. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण माझ्या शेडची पश्चिम बाजू दुपारी तापते आणि हे मला पहिल्यांदा ध्यानात आलंच नव्हतं. तीन आठवडे मी हळदीला दोष देत होतो.

दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, सकाळी खाद्य टाकण्याआधी प्रत्येक बाजूचे पन्नास पक्षी तोला. हाताला लागेल तो पकडू नका, सुस्त पक्षीच हाती लागतात. जाळीने एक कोपरा घेरा आणि त्यातले सगळे तोला.

शेवटी दोन्ही बाजूंचा हिशेब असा: जगलेल्या पक्ष्यांची टक्केवारी गुणिले सरासरी वजन किलोत, भागिले वय दिवसांत गुणिले एफसीआर, आणि येईल त्याला शंभराने गुणा. उदाहरणार्थ ९५ टक्के जगले, वजन २.१ किलो, वय ४२ दिवस, एफसीआर १.७, तर आकडा २७९ येतो. याला ईपीईएफ म्हणतात, जितका जास्त तितकी बॅच चांगली. दोन्ही बाजूंचा आकडा शेजारी लिहा.

अपेक्षा नीट ठेवा. पहिल्या बॅचला वनस्पतीची बाजू थोडी मागे पडली तर घाबरू नका. माझी तिसऱ्या बॅचला बरोबरीत आली. वजन सारखंच राहिलं, पण औषधाचं बिल घटलं, आणि पक्ष्यांची विष्ठा आधीपेक्षा कोरडी, बांधीव दिसू लागली.

सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, पाऊस सरल्यावर, नवा मका वाळलेला असताना. जुलैत किंवा एप्रिल-मेच्या कडक उन्हात पहिला प्रयोग नको.

पायरी ८: आजार आला तर

हट्ट नको. पक्षी तडफडत असताना ‘मी अँटिबायोटिक देणार नाही’ म्हणून बसणं हे क्रौर्य आहे. पण अंदाजाने दुकानातून औषध आणणंही नको. मेलेले किंवा मरणासन्न तीन-चार पक्षी घेऊन पशुवैद्यकाकडे जा, शवविच्छेदन करून घ्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. कोणत्या जिवाणूवर कोणतं औषध चालतं याची चाचणी होते, त्याबद्दल पशुवैद्यकांना विचारा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे.

औषध दिलं तर पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवलं की अर्धमेले जिवाणूच मागे राहतात. लेबलवर लिहिलेले थांबण्याचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्षी विकू नका. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मांसातल्या औषधाच्या अवशेषांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरात एखादं लहान मूल आहे, हे त्या मर्यादेआधी लक्षात ठेवा.

एकाच दिवसात मरतूक अचानक खूप वाढली, डोकी सुजली, तुरे निळे पडले तर पक्षी हलवू नका, विकू नका, तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला त्याच तासाला कळवा. बर्ड फ्लूची शंका आहे.

पायरी ९: विकताना काय सांगायचं

वहीत प्रत्येक बॅचचं एक पान ठेवा: पिल्लं आल्याची तारीख आणि हॅचरीचं बिल, खाद्य आणि वनस्पतींची बिलं, लसीकरणाच्या तारखा, पाणी तपासणीचा अहवाल, रोजची मरतूक, आठवड्याची वजनं, दिलेलं प्रत्येक औषध आणि ते बंद केल्याची तारीख. कोणी विचारलं तर हे पान दाखवता आलं पाहिजे.

ज्या बॅचला उपचारासाठी का होईना अँटिबायोटिक दिलं, ती ‘अँटिबायोटिकमुक्त’ म्हणून विकू नका. ती साध्या भावाने व्यापाऱ्याला द्या. आणि खाद्यात सॅलिनोमायसिन चालू आहे तोवर तो शब्द मी स्वतः वापरत नाही, कारण तेही एका जिवाणूपासूनच बनतं आणि शास्त्रीय अर्थाने अँटिबायोटिकच आहे. मी गिऱ्हाइकाला सांगतो, “वाढीसाठी रोजचं अँटिबायोटिक देत नाही. कॉक्सीचं औषध देतो, ते विक्रीआधी लेबलप्रमाणे बंद करतो. आजारी पडले तर उपचार करतो आणि ती बॅच तुम्हाला देत नाही.” एवढं लांब वाक्य ऐकून काही जण दुसरीकडे जातात. बरेचसे वही मागतात, पान उलटून बघतात आणि पुढच्या रविवारी परत येतात.

पॅक करून, लेबल लावून विकायचं ठरवलं तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. लेबलवर कोणताही दावा छापण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून मांसाची अवशेष तपासणी करून घ्या. ती महाग असते, म्हणून आम्ही आसपासचे चार शेडवाले मिळून नमुने पाठवतो आणि गाडीभाडं वाटून घेतो.